नव्या गावात मोडका संसार उभा करताना



तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर एक बाई उतरते. हातात ट्रंक, कडेवर धाकटी, पदर धरून थोरला. धनी जाऊन वर्ष झाले. दिराच्या घरात तीन तोंडे जड झाली. शाळेजवळ एक खोली घेऊन ती शिवणयंत्र मांडते. अशी बाई आपण साऱ्यांनी पाहिली आहे. तिला या दिवसांत नेमके काय लागते, ते आज पाहू.

पहिली गोष्ट कागदाची. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी असा नियम आहे. ती राहून गेली असेल तर उशिरा का होईना, करून घ्यावी. बँकेतले पैसे, विमा, सातबारावरची वारसनोंद, ही सारी कुलुपे मृत्यूच्या दाखल्याच्या एकाच किल्लीने उघडतात. "बाईमाणसाला जमीन कशाला?" असे कोणी म्हणेलच. त्याला 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचे उत्तर आहे: मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई यांचा वाटा सारखा. गाव सोडले म्हणून तो हक्क सुटत नाही. पुढे पुनर्विवाह केला तरी मिळालेला वाटा परत जात नाही. म्हणून "नुसती सही कर, वहिनी" म्हणून कोणी कागद पुढे केला, तर तो आधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. तो हक्कसोडपत्राचा असू शकतो.

दुसरी गोष्ट चुलीची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात मिळतो. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वर्षांचा कमावता माणूस गेला, तर केंद्राच्या कुटुंबलाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. ही भीक नव्हे. मात्र ती आपल्या पायांनी घरी चालत येत नाही, मागावी लागते.

तिसरी गोष्ट शाळेची, आणि ती गुरुजनांसाठी. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने स्पष्ट केले आहे. पण कायद्याच्या पलीकडचेही काही असते. भरल्या वर्गात "तुझे वडील काय करतात रे?" असा प्रश्न नव्या मुलाला विचारू नये. घरची हकिकत आईकडून आधीच, एकांतात समजून घ्यावी. आणि दहा वर्षांच्या पोराला "आता तूच घरचा कर्ता" असे तर कोणीच म्हणू नये. शाबासकी म्हणून दिलेले ते वाक्य त्याचे खेळणे, रडणे, हट्ट करणे एका क्षणात काढून घेते.

बायको गेलेल्या बापाचे दुःख वेगळ्या जातीचे. त्याला हळदीकुंकवातून कोणी वगळत नाही, पण मुलीची वेणी कशी घालायची हे त्याला कोणी शिकवलेलेही नसते. "दुसरी कर" हा सल्ला तेराव्यालाच मिळतो. दोन वेळची भाजी मात्र महिनाभर कोणी आणून देत नाही.

शेवटी गावाविषयी. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. 2022 साली मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. कर्व्यांच्या काळी शिक्षा करणारे गाव होते, आणि हा ठराव करणारेही गावच. तेव्हा गाव बदलते, हे खरे. पण ठराव भिंतीवर राहतो; तो उंबऱ्याच्या आत न्यावा लागतो.

यंदाच्या संक्रांतीला त्या शिवणयंत्राच्या खोलीचे दार वाजवा आणि म्हणा, "ताई, संध्याकाळी या बरं का, पोरांनाही आणा." नव्या गावातला तिचा संसार त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू होईल.