अभिनयाच्या अर्जातली ‘विशेष कौशल्ये’ : वऱ्हाडच्या कलावंतांसाठी

● बोली आधी लिहा. ‘वऱ्हाडी : घरची बोली’ अशी नोंद करा. अमरावती जिल्ह्यातले अभिनेते भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमातून हीच बोली महाराष्ट्रभर पोहोचवली. प्रमाण मराठी आणि हिंदी किती सफाईने बोलता, तेही सांगा.

● नेमकं लिहा. ‘खेळांची आवड’ एवढ्याने काही कळत नाही. ‘पुरलेला मल्लखांब, 6 वर्षं, विद्यापीठ स्पर्धेत सहभाग’ यातून कळतं. मल्लखांब शिकण्यासाठी अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना 1914) आहेच.

● शेतातलं कसबही लिहा. कपाशीत डवरा धरणं, बैलजोडी जुंपणं, ट्रॅक्टर चालवणं. ग्रामीण कथेत हे हात खरे दिसावे लागतात. वाहनाचा परवाना असेल तर तसं नमूद करा.

● गाणं-वाजवणं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ चित्रपटात (2020) शास्त्रीय गायकाची मुख्य भूमिका आदित्य मोडक यांना मिळाली. ते स्वतः शास्त्रीय गायक आहेत. भजनी मंडळात पखवाज वाजवत असाल, तर लाजू नका.

● पुरावा जोडा. प्रत्येक कौशल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे. मोबाइल आडवा धरा, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या. संपादनाची गरज नाही.

● येत नाही ते लिहू नका. घोडेस्वारी किंवा पोहण्याबद्दलची थाप सेटवर जिवावर बेतू शकते. शिकत असाल, तर ‘प्राथमिक’ म्हणा. पाच खरी कौशल्यं पंधरा पोकळ दाव्यांपेक्षा कधीही वजनदार.