तेल पसरल्यानंतरची मैत्री

मॉरिशसची भूमी सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या गोमंतकाच्या निम्म्याहून थोडी अधिक. त्या राष्ट्राच्या हक्काचा सागर मात्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरांचा आहे. एवढ्या अफाट पाण्याची राखण जेमतेम साडेबारा लाख लोकांच्या देशाने एकट्याने करावी, ही अपेक्षाच मुळी अवास्तव होय. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील पॉइंट द'एस्नीच्या प्रवाळखडकावर चढले, तेव्हा हे साऱ्या जगाला दिसले. जहाजाचा मालक जपानी, निशाण पनामाचे, कप्तान भारतीय आणि जाणे होते ब्राझीलला. मॉरिशसशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

जवळजवळ बारा दिवस तेल जहाजाच्या पोटात राहिले. ६ ऑगस्टला ते फुटून वाहू लागले आणि दुसऱ्या दिवशी तेथील सरकारने पर्यावरणीय आणीबाणी पुकारली. सुमारे एक हजार टन काळे इंधन ब्ल्यू बे सागरी उद्यानाच्या परिसरात, खारफुटीच्या मुळाशी आणि दुर्मीळ पक्षी-वनस्पतींसाठी राखलेल्या इल ओ एग्रेत बेटाच्या कडेला पसरले. तेव्हा कोणाची वाट न पाहता गावोगावचे लोक पुढे सरसावले. त्यांनी उसाचे वाळलेले पाचट कापडात भरले, लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि पाण्यात सोडले. ज्या उसासाठी कोकणातून आणि बिहारातून माणसे करारावर बांधून त्या बेटावर नेली गेली, त्याच उसाचे पाचट त्यांच्या वंशजांनी समुद्र वाचविण्यासाठी वापरले, हे आम्हांला विशेष हृद्य वाटते.

परदेशी मदतही आली, हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. फ्रान्सने शेजारच्या रेयुनियॉं बेटावरून साहित्य व माणसे धाडली, जपानने तज्ज्ञ पाठविले. भारताच्या वायुदलाच्या विमानाने ३० टन सामग्री आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक १६ ऑगस्टला पोहोचविले. मात्र आदल्याच दिवशी जहाजाचे दोन तुकडे झाले होते. टाक्यांतील उरलेले बहुतेक तेल त्यापूर्वीच उपसून काढले गेले होते, ही त्यातल्या त्यात सुदैवाची गोष्ट.

भरपाईचा प्रश्न आला तेव्हा तर सहकार्य शब्दश: कायद्याच्या खडकावर अडकले. तेलवाहू टँकर फुटला तर १९९२ च्या आंतरराष्ट्रीय निधीतून नुकसानी मिळू शकते. ‘वाकाशियो’ हे धातुक व धान्य वाहणाऱ्या जातीचे जहाज. त्याच्या पोटातील तेल हा माल नव्हे, इंधन. म्हणून तो निधी बंद. मालकाच्या दायित्वाला जी मर्यादा होती तीत १९९६ च्या कराराने मोठी वाढ झाली होती. पण मॉरिशस त्या वेळी १९७६ च्याच जुन्या करारात होते. माशाला किंवा मासेमाराला तेल टँकरचे की इंधनटाकीचे याने काय फरक पडतो, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे!

गोमंतकीय वाचकांस हे नवे नाही. जून २००० मध्ये कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ दशकाहून अधिक काळ आमच्या डोळ्यांसमोर गंजत राहिले. सरकारे आली नि गेली. जहाज तेथेच होते. एका मोठ्या देशाच्या राज्याची ही स्थिती, तर एकाकी बेटाने काय करावे?

आमच्या मते खरी उणीव अपघाताच्या आधीची आहे. जहाज भाड्याने चालविणाऱ्या कंपनीनेच डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की, मूळ मार्ग किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून आखलेला होता. तो आधी पाच मैलांवर आणण्यात आला, मग भ्रमणध्वनीच्या लहरी मिळाव्यात म्हणून त्याहूनही जवळ जाण्याचा प्रयत्न झाला, आणि पुरेशा बारकाव्याचा सागरी नकाशाही वापरला गेला नाही. कप्तानाला पुढे वीस महिन्यांची शिक्षा झाली. परंतु किनाऱ्यापासून किती दूर राहावे हे एका कप्तानाच्या मर्जीवर का सोडावे? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९० मध्येच विशेष संवेदनशील क्षेत्र म्हणून मान्यता दिली. अशा मान्यतेच्या आधारे जहाजांना अमुक पाणी टाळण्यास सांगता येते. श्रीमंत देशाच्या प्रवाळाला जे मिळाले, ते बेटांच्या प्रवाळाला मागण्याचा अधिकार आहे.

लहान राष्ट्रांपाशी लंडनच्या बैठकीत असे प्रस्ताव रेटण्यास लागणारे तज्ज्ञ आणि सर्वेक्षणाची जहाजे क्वचितच असतात. ती भारतापाशी आहेत. मॉरिशसच्या किनाऱ्यावर रडार उभारण्यास भारताने साहाय्य केलेच आहे. पण रडारवर जहाज दिसले, तरी त्याला वळविण्याचा नियम हवा. तो नियम मागताना दिल्लीने मॉरिशसच्या शेजारी बसावे. जगाच्या जहाजांवर भारतीय खलाशी इतक्या मोठ्या संख्येने आहेत की, किनाऱ्यापासून दूर राहण्याची शिस्त त्यांच्या प्रशिक्षणातही घालता येईल. त्यासाठी तर कोणत्याही कराराची वाट पाहण्याचे कारण नाही.