पऱ्हाटी तुडवणारी खेचरं

डवऱ्याला जुंपलेला बैल दोन तासांमधून चालतो, पऱ्हाटीवर पाय पडू देत नाही. वऱ्हाडात हे कुणाला सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेचरांनाही तेच वळण होतं. 1933 च्या उन्हाळ्यात सरकारने उभा कापूस मोडायला सांगितला, तेव्हा ही खेचरं तासावर चढेनात. त्यांना मारून-ओढून बोंडं धरलेल्या झाडांवर घालावं लागलं.

मंदीत भाव पौंडाला सहा सेंटांच्या आसपास आला होता. रूझवेल्ट सरकारच्या नव्या शेती कायद्याने पेरा घटवणाऱ्याला रोख पैसे देऊ केले आणि एका हंगामात सुमारे एक कोटी एकर कापूस नांगराखाली गेला. भाव वधारला, हे खरं. पण ज्यांनी ती खेचरं हाकली, त्यांच्या हाती काय आलं?

आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट कौंटीत, तायरोन्झा गावाच्या परिसरात जमीन बड्या मालकांची होती आणि राबत होते बटाईदार. 1934-35 च्या सरकारी करारात सोडलेल्या पेऱ्यापोटी पौंडामागे साडेचार सेंट होते. त्यातले चार मालकाचे, अर्धा सेंट बटाईदाराचा. तोही मालकाच्या हातून मिळायचा आणि बरेचदा त्याच्याच दुकानातल्या उधारीत वळता व्हायचा. कुळांना काढू नये असं कलम करारात होतं, पण त्याला ‘शक्य तोवर’ हे शब्द जोडलेले होते. या दोन शब्दांनी किती घरं उठवली! पेरा घटला तशी माणसं नकोशी झाली, आणि अनुदानाच्या पैशातून ट्रॅक्टर आले.

जुलै 1934 मध्ये तायरोन्झाजवळच्या एका लहानशा शाळेत 11 गोरे आणि 7 काळे शेतकरी जमले आणि त्यांनी एकच संघटना काढली. त्याच राज्यात एलेनला 1919 साली संघटित होऊ पाहणाऱ्या काळ्या बटाईदारांची कत्तल झाली होती. म्हणून त्या अठरा जणांच्या धाडसाला मी फार मोठं मानतो. त्यांच्यावर हल्ले झाले, सभा उधळल्या गेल्या. वॉशिंग्टनमध्ये शेती खात्यातल्या ज्या वकिलांनी ‘आहेत तीच कुळं ठेवा’ असा कराराचा अर्थ लावला, त्यांना फेब्रुवारी 1935 मध्ये घरी पाठवण्यात आलं.

पुढे 1936 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला, पण अनुदान नव्या कायद्यांतून परतलं. ब्राझीलने 2002 मध्ये या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, कापूस मुख्य अनुदानाच्या यादीतून वगळला आणि 2018 मध्ये सरकीसकटचा कापूस म्हणून परत घेतला. भाव पाडणाऱ्या या अनुदानाची झळ आपल्याकडच्या कापूसवाल्यालाही लागत होती.

आणि आपल्याकडे? मक्त्याने शेत करून कापूस पिकवणारे विदर्भात गावोगाव आहेत. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्याच खात्यात जातात. कुळकायद्याच्या धाकाने मालक मक्ता कागदावर येऊ देत नाही. जमिनीचा हक्क मालकाकडे राहील, पण पिकाची मदत कसणाऱ्याला मिळेल, अशी नोंद सरकारने सुरू करावी. शेतकरी संघटनांनी येत्या हंगामाआधी ही मागणी लावून धरावी.