दबावगट आणि आईची पाटी

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला 'दबावगट' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि उदाहरणादाखल कारखानदारांच्या, बड्या व्यापाऱ्यांच्या संघटना सांगितल्या. मी ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत पाच गुणांसाठी लिहूनही आले. सरकारदरबारी आपले म्हणणे पटवून देणे हे मोठ्या लोकांचे काम, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या घरात त्यासाठी एकच शब्द होता, वशिला. आणि तोच आमच्याजवळ नव्हता.

माझी आई भाजी विकते. पहाटे लिलावात माल घ्यायचा आणि आठच्या आत एस. टी. स्टँडच्या रस्त्याकडेला पोते अंथरून बसायचे. भांडवल म्हणाल तर दीड-दोन हजार, तेही कधीकधी उसने. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ती उद्योजकच आहे. माल ती निवडते, भाव ती ठरवते, तोटाही तीच सोसते. परंतु गेल्या श्रावणात नगरपालिकेची गाडी आली आणि तिची पाटी, तराजू व मेथीच्या चाळीस जुड्या उचलून घेऊन गेली, तेव्हा ती उद्योजक नव्हती, 'अतिक्रमण' होती. तिसऱ्या दिवशी दंड भरून पाटी सुटली. मेथी अर्थातच कुजली होती.

घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिलीच. तेव्हा 'एवढं शिकतेस तर बघ की कुठं काय लिहिलंय', असे आई म्हणाली यात नवल नाही. मी बघितले. २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम सापडला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये, हटवायचेच झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी, जप्त मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यावी, आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मेथीची काळजी दिल्लीत बसलेल्या माणसाला कशी काय सुचली, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर म्हणजेच हा लेख होय.

ती कोणा एका साहेबाला सुचलेली नाही. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्त्रियांची संघटना उभी केली, तेव्हा कामगार खात्याने तिची नोंदणी करण्यास प्रथम नकार दिला. यांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, असा खात्याचा प्रश्न. संघटना कोणाविरुद्ध नसून एकीसाठी असते, हे त्या बायांनी खात्याला पटवून दिले. माणेकचौकातील भाजीवाल्यांचा प्रश्न त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९८९ साली दिल्लीच्या सोदनसिंग खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की पदपथावर धंदा करणे हा राज्यघटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील. हे 'मात्र' आम्हां लोकांना फार महागात पडते, कारण वाजवी काय हे गाडीवरचा माणूस ठरवतो.

पुढे १९९८ मध्ये 'नासवी' ही फेरीवाल्यांची देशव्यापी संघटना सुरू झाली. तिच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मोर्चा नव्हे, पाहणी होय. समाजशास्त्राचे प्राध्यापक शरित भौमिक यांनी तिच्यासाठी मुंबई, अहमदाबाद, कोलकात्यासह सात शहरांतील फेरीवाल्यांचा अभ्यास केला. ज्यांची कोणी दखलच घेतली नव्हती, त्यांची माहिती सरकारपुढे ठेवता आली. मागणीपत्राला आकडेवारीची जोड असली की अधिकाऱ्याला ते बाजूला सारणे जड जाते. आपल्या प्राध्यापकवर्गाने हे ध्यानात घ्यावे, अशी नम्र विनंती!

२००४ साली राष्ट्रीय धोरण आले व २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली. परंतु धोरण म्हणजे सल्ला. तो पाळला नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही. म्हणून कायदा हवा, असा आग्रह सुरू झाला. रस्ते व नगरपालिका हा राज्यांचा विषय, ही केंद्राची अडचण होती. संघटनांचा युक्तिवाद असा, की हा प्रश्न रस्त्याचा नसून उपजीविकेचा आहे. कायद्याच्या नावात 'उपजीविका संरक्षण' हे शब्द आधी आणि 'विनियमन' मागाहून आले आहे, ते मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा करण्यासाठी मुदत घालून दिली. ती उलटून गेली. निवेदने, शिष्टमंडळे, धरणी असे सर्व चालूच होते. अखेर लोकसभेत सप्टेंबर २०१३ मध्ये व राज्यसभेत फेब्रुवारी २०१४ मध्ये विधेयक मंजूर झाले, आणि १ मे २०१४ पासून कायदा लागू झाला. मागितले ते सगळेच मिळाले असे नाही. रेल्वेच्या जागा व गाड्या कायद्याबाहेरच राहिल्या. लोकलमध्ये कंगवे-पिना विकणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी बाजूही आहे. पायी चालणाऱ्याने चालायचे कोठून? दुकानदार कर भरतात, त्यांच्याही संघटना आहेत व त्यांचेही दबावगट आहेत. मी स्वतः उशीर झाला की आईच्याच रांगेपाशी सायकल अडकून चिडलेली आहे. म्हणूनच कायद्याने निर्णय एकट्या अधिकाऱ्यावर न सोडता 'नगर पथविक्रेता समिती' सांगितली आहे. तीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. खरी मेख इथेच आहे. समितीच नसेल तर जागा ठरत नाहीत, आणि जागा ठरल्या नाहीत तर गाडी येतच राहते. मुंबईसारख्या शहरात ही निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले, तिथे आमच्या गावाची काय कथा!

दिवाळीच्या सुट्टीत मी अर्ज लिहिला. आईच्या रांगेत अकरा बायका बसतात. सहा जणींनी सह्या केल्या, पाच जणींचे अंगठे. मागणी एकच ठेवली: सर्वेक्षण करा. दंडाचे पैसे परत द्या, असेही लिहावे, असा एका मावशींचा हट्ट होता. पण एका कागदावर दोन भांडणे नकोत म्हणून मी ते गाळले. त्या अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत, आणि त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. कचेरीत कारकुनाने कागद ठेवून घेतला व 'जा' म्हणाला. मी दुसरी प्रत पुढे केली आणि आवक क्रमांकाचा शिक्का मागितला. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितले आणि शिक्का मारला.

"ह्या शिक्क्यानं गाडी यायची थांबंल का?" बाहेर आल्यावर आईने विचारले. थांबेल असे मला सांगता आले नाही.

तीन स्मरणपत्रांनंतर आता भेटीची वेळ मिळाली आहे, येत्या सोमवारी सकाळी अकराची. सोमवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. सगळ्याच जणी धंदा बुडवून येणे शक्य नाही. आईने परवा रांगेत बसल्या बसल्याच ठरवले, की तिघींनी जायचे आणि बाकीच्यांनी त्यांची पोती सांभाळायची. मेथी मात्र त्या दिवशी घ्यायची नाही.