चर्चविना रविवार : वऱ्हाडातल्या कॅथलिक घरांची सत्तर वर्षं

८ मे २०२५ च्या संध्याकाळी रोममध्ये सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे यांची पोपपदी निवड झाल्याचं जगाला कळलं. त्याच दिवशी अमरावती धर्मप्रांताला सत्तर वर्षं पूर्ण होत होती. ८ मे १९५५ रोजी तो नागपूरपासून वेगळा झाला. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ एवढा पसारा त्याच्याकडे आला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. या सत्तर वर्षांत इथल्या कॅथलिक माणसानं आपली श्रद्धा कशी सांभाळली, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. इमारतींचा इतिहास कुणीतरी लिहील. मला घरांविषयी लिहायचं आहे.

वाशीम जिल्ह्यात श्रद्धेचा दुष्काळ कधीच नव्हता. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे देशभरातला बंजारा समाज लोटतो. खुद्द वाशीमचा बालाजी. आषाढीआधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मालेगाव-रिसोडवरून पंढरपूरकडे जाते, तेव्हा वाटेवरच्या ज्या घराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, त्या घरातूनही वारकऱ्यांसाठी पाण्याच्या घागरी बाहेर येतात. ख्रिस्ती म्हटलं की वाशीमकराला आधी आठवतं ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि त्यांनी ते उभं केलं. ते प्रोटेस्टंटांचं. आम्ही कॅथलिक त्यांच्याहूनही विरळ. एखादी नर्स, एखादा शिक्षक, रेल्वेत किंवा एसटीत असलेलं एखादं कुटुंब, आणि खेड्यात दोन-चार एकरांवर सोयाबीन-तूर पेरणारी काही घरं. सगळ्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकही नाही. त्यातले बहुतेक मुंबई, वसई, पुण्याकडचे. आम्ही त्या मोजणीच्या अगदी तळाशी.

अशा घराला रविवार म्हणजे काय असतो? चर्च चालत जाण्याजोगं नाही. फादर येतात ते दूरच्या गावाहून, ठरलेल्या रविवारी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर ठरलेल्या रविवारीही नाही. मग रविवार घरातच पाळायचा. मालेगावकडच्या एका खेड्यातल्या आजीबाईंचा रविवार मला चांगला आठवतो. सकाळी ओसरी सारवलेली, पाटावर पांढरं फडकं, त्यावर मेणबत्ती आणि कोपरे झिजलेला नवा करार. तीन घरांतली माणसं जमत. नातू शाळेत धडा वाचावा तशा सुरात शुभवर्तमान वाचायचा. मग प्रत्येकानं आपलं मागणं मोठ्यानं मांडायचं. पाऊस पडू दे. सुनेची सुटका नीट होऊ दे. बँकेची नोटीस आली आहे, वाट दाखव. शेवटी ‘आमच्या बापा’ आणि चहा. फादर आले नाहीत तर तुम्ही कशाला जमता, असं कुणीतरी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “फादर येतीन तवा येतीन. देव का त्यायच्यासाठी थांबून रायते?”

धर्मगुरूंचा अनादर त्यात तिळभर नव्हता. फादर आले की आजीबाई सगळ्यांत आधी पापनिवेदनाला उभ्या राहत, आणि ख्रिस्तप्रसाद घेताना त्यांचे हात थरथरत. पण आठवड्याची सहा दिवसांची आणि बऱ्याचदा सातव्या दिवसाचीही श्रद्धा आपल्या अंगावर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे त्यांच्यापर्यंत कुठून आलं असावं? धर्मप्रांताचे पहिले बिशप जोसेफ रोझारियो हे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं चालणाऱ्या संघाचे. चाळीस वर्षं, १९९५ पर्यंत, त्यांनी हा धर्मप्रांत सांभाळला. हा संघ फ्रान्सच्या आन्सी गावी स्थापन झाला, १८४० च्या दशकात त्याचे मिशनरी भारतात आले आणि मध्य भारतात पसरले. ज्या संताचं नाव त्यांनी घेतलं, त्यानं १६०९ साली भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिलं, ते मठातल्या माणसांसाठी नव्हतं. संसारात, व्यापारात, सैन्यात, स्वयंपाकघरात गुंतलेल्या माणसालाही देवाला पूर्णपणे वाहून घेता येतं, हे त्यात सांगितलं होतं. आजीबाईंनी ते पुस्तक पाहिलंही नव्हतं. पण त्या शिकवणीत वाढलेले फादर त्यांच्या ओसरीवर येऊन जेवले होते.

मग १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद आली. पवित्र जीवन हे सर्वांसाठीच आहे, प्रापंचिकांसाठीही, हे परिषदेनं १९६४ साली ठामपणे मांडलं. त्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या ख्रिस्तप्रसाद अधिवेशनाला आले. पण वऱ्हाडातल्या घराला परिषद जाणवली ती उपासनेच्या भाषेतून. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि माणसं आपापली जपमाळ ओढत बसत. ती मराठीत आली आणि घरातल्या बाईला पहिल्यांदा वेदीवरचं वाक्य स्वतःचं म्हणून घरी नेता आलं. फादर नसलेल्या रविवारी ओसरीवर शुभवर्तमान वाचलं जाऊ लागलं, ते यामुळेच. सत्तर वर्षांतला सगळ्यांत मोठा बदल कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

यानंतरची वर्षं तशी संथ गेली. खरी परीक्षा शेतीनं घेतली. कर्ज, बोंडअळी, पडलेले भाव, आणि एकामागून एक आत्महत्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात सहा जिल्हे होते. वर्धा सोडला तर उरलेले पाचही आमच्या धर्मप्रांतातले. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरी जाऊन काय बोलायचं? इथे चर्चच्या शिकवणीतला एक बदल मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोललेलो नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला चर्चचा अंत्यविधी मिळत नसे. १९८३ च्या नव्या संहितेतून ती बंदी गळाली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानं तर स्पष्टच सांगितलं की अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. पण जुनी भीती खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. विधवेच्या कानावर आधी ‘पाप’ हा शब्द पडतो आणि नंतर सांत्वन. ज्यांनी तिच्या अंगणात बसून तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, ती कुठल्याही धर्माची असो, तिच्या मुलांच्या शाळेची फी भरली, सावकाराच्या दारात तिच्याबरोबर जाऊन उभे राहिले, त्यांनी त्या वर्षांत शुभवर्तमान सांगितलं. व्यासपीठावरून सांगितलेलं फार कमी घरांपर्यंत पोचलं.

आणखी एक ओझं आहे. ते वसईच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला अजून नाही. मुलाचा अर्ज भरताना जातीचा दाखला आणि स्नानसंस्काराचा दाखला एकमेकांसमोर उभे राहतात. एखादं कुटुंब बिचकतं, नाव लिहिताना अडखळतं, नाताळाला कंदील लावावा की नाही याचा विचार करतं. त्यांना भित्रं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यानं श्रद्धेपायी एक जागा, एक शिष्यवृत्ती, एक नोकरी गमावली आहे, त्याच्याइतकी किंमत आपल्यातल्या फार थोड्यांनी मोजली आहे.

आता वसईकडे वळू, कारण मराठी कॅथलिक जीवन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वसईच येते. गावागावात चर्च, पहाटेची घंटा, वाडी, केळी, पानवेली, लग्नातली गाणी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, तरी तिथली माणसं आपल्या मातीत आणि आपल्या धर्मात राहिली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो २२ मे १९९८ ला, आमच्या जिल्ह्याच्या जन्माच्या थोडा आधी. पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांचा प्रबंध तुकोबांच्या ईश्वरानुभवावर होता. आमच्या वाटचालीतही वसईचा वाटा आहे. २०१२ ते २०१८ अमरावतीचे बिशप असलेले एलियास गोन्साल्विस मूळचे वसईचेच, पुढे ते नागपूरचे आर्चबिशप झाले. वसईहून आलेल्या माणसाला आमच्याकडची अंतरं पाहून पहिल्यांदा काय वाटत असेल!

पण वसईतही घंटेचा आवाज पूर्वीसारखा पोचत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामासाठी मोकळा होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरूनं विहिरी आणि जमिनीसाठी मोर्चा काढावा याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीच्या जपणुकीबद्दलचं परिपत्रक यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. १९८३ ते २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकातून दिब्रिटो मराठी माणसाशी मराठीत बोलत राहिले. त्यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या घरांनी ते भाषण टीव्हीवर पाहिलं, त्यांना आपण मराठी आहोत आणि ख्रिस्ती आहोत हे एका दमात म्हणता आलं. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

संमेलन आटोपलं आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. १२ एप्रिल २०२० च्या ईस्टरला वसईची, मुंबईची, पुण्याची चर्चं बंद होती. रोममध्ये पोप रिकाम्या चौकात प्रार्थना करून झाले होते. हजारो कुटुंबं मोबाईल टेकवून मिस्सा पाहत होती, आणि शेवटचा आशीर्वाद झाला की पुढे काय करायचं हे अनेकांना सुचत नव्हतं. खेड्यातल्या आमच्या घरांना सुचत होतं. तिथे मेणबत्ती, नवा करार, मागणी, ‘आमच्या बापा’ हे सगळं जागच्या जागी होतं. मोठ्या धर्मग्रामात रविवार तयार मिळतो. तो स्वतः उभा करायची सवय आमच्याकडे अडचणीतून लागली होती.

टाळेबंदी उठली तरी ती वेळ संपली नाही, असं मला वाटतं. वसईचा मुलगा आता हिंजवडीत रविवारच्या पाळीवर असतो, मुलगी कॅनडात. नालासोपाऱ्याच्या बाविसाव्या मजल्यावर शेजारी कोण राहतो ते माहीत नसतं. वाशीमच्या पोरांना समृद्धी महामार्गानं नागपूर जवळ आलं आहे. तीही शेलूबाजारवरून गाडीत बसून शहरात जातात आणि तिथल्या गर्दीत एकटी पडतात. म्हणजे विखुरलेपण, जे आमचं दुर्दैव समजलं जायचं, ते आता सगळ्यांच्या वाट्याला आलं आहे. घंटा ऐकू येत नाही तिथे श्रद्धा कशी टिकवायची, हे वऱ्हाडातल्या सारवलेल्या ओसऱ्यांनी सत्तर वर्षं करून दाखवलं. मोठ्या धर्मग्रामांनी आता ते आमच्याकडून शिकायला हरकत नाही.

मात्र ही ओसरीची शिदोरी आम्हीच हातची घालवत आहोत, हेही लिहायला हवं. मिशनच्या शाळांनी वऱ्हाडातल्या हजारो मुलांना इंग्रजी दिलं, त्याचा अभिमान आहे. पण आमच्याच घरातली मुलं त्या शाळांतून बाहेर पडतात तेव्हा त्यांना मराठी नवा करार अडखळत वाचता येतो, आणि आजीबरोबर जपमाळ म्हणताना ती गप्प बसतात. मग लग्न ठरतं. चार घरांच्या समाजात जोडीदार मिळणार कुठून? नाझरीन, बौद्ध, हिंदू घरांशी सोयरिकी होतात, आणि त्या प्रेमानं, मानानं होतात. बिशपांची परवानगी मिळते, कॅथलिक जोडीदार मुलांना श्रद्धेत वाढवायचं वचन देतो. ते वचन पाळायचं तर घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत प्रार्थना हवी. सुनेला किंवा जावयाला समजेल अशी, ज्यात त्यांनाही आपलं मागणं मांडता येईल अशी. दोन-तीन घरांत हे उत्तम चाललेलं मी पाहिलं आहे. बौद्ध आईनं लेकराला क्रुसाची खूण करायला शिकवलेली पाहिली आहे.

२०३० मध्ये धर्मप्रांताचा अमृतमहोत्सव येईल. मंडप पडतील, स्मरणिका निघेल. त्याआधी मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, फादर नसलेल्या रविवारासाठी साध्या मराठीतलं घरगुती उपासनेचं पुस्तक, वर्षभराच्या वाचनांसह, वऱ्हाडी माणसाच्या तोंडी बसेल असं, मोबाईलवरही आणि छापीलही, मोठ्या अक्षरांत. दुसरी, प्रत्येक तालुक्यात चार-पाच प्रापंचिक बायका आणि पुरुष, ज्यांना शुभवर्तमान वाचून दोन शब्द बोलता येतील, आजाऱ्याजवळ आणि मयताच्या घरी प्रार्थना घेता येईल, बँकेच्या आणि दाखल्याच्या कागदात मदत करता येईल, असं नीट प्रशिक्षण दिलेले. मानधन असो वा नसो, त्यांचं काम धर्मप्रांतानं लेखी मान्य करावं. पहिल्या तुकडीसाठी मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशीम हे सहाही तालुके घ्यावेत.