हंटरवाली अजून का आवडते?

वाचकहो, घरात ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील, तर त्यांना जत्रेतल्या तंबू-सिनेमाबद्दल जरूर विचारा. जमिनीवर बसून, बायका एकीकडे अन्‌ पुरुष दुसरीकडे, असा तो खेळ चाले. मारामारीचा सिनेमा लागला की तंबू शिट्यांनी दणाणून जाई. त्या मारामारीच्या सिनेमांची राणी म्हणजे नादिया.

हिचे खरे नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ सालचा, ऑस्ट्रेलियातील पर्थचा. वडील ब्रिटिश फौजेत होते. त्यामुळे लहानपणीच ती मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले आणि मायलेकी पेशावरकडे राहू लागल्या. घोड्यावर बसणे, बंदूक चालवणे हे ती तिकडेच शिकली. पुढे मुंबईत दुकानात नोकरी केली, नाच शिकली, सर्कशीतही कामे केली. अशा मुलीला वाडिया बंधूंनी हेरले. थोरले जे. बी. एच. वाडिया वकिलीची परीक्षा झालेले, धाकटे होमी दिग्दर्शक. परळच्या त्यांच्या 'वाडिया मूव्हीटोन'ने १९३५ साली 'हंटरवाली' काढला.

गोष्ट साधीच. दुष्ट प्रधान राजाला पळवून राज्य बळकावू पाहतो. राजकन्या माधुरी डोळ्यांवर मुखवटा चढवते, हाती चाबूक घेते आणि गांजलेल्यांच्या बाजूने उभी राहते. सोनेरी केसांची, धड हिंदी न बोलणारी बाई घोडा उधळत पुरुषांना लोळवणार, हे लोकांना पटेल का, अशी वितरकांना शंका होती. तेव्हा वाडियांनी चित्रपट स्वतःच लावला. लोकांनी तो असा डोक्यावर घेतला की नादियाच्या नावाचे चाबूक आणि पट्टे बाजारात आले!

पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' आला. खोट्या आळात अडकलेल्या बापासाठी झगडणारी मुलगी धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी भिडते. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये नादिया सिंहांबरोबर दिसली. आज संगणकावर सिंह तयार होतो, आग लागते, कडाही कोसळतो. तेव्हा तशी सोय नव्हती. उडी मारायची तर खरीच मारावी लागे, आणि नादिया आपल्या उड्या स्वतःच मारी.

आता तुम्हीच विचार करा, बैलगाडी हाकणाऱ्या, विहिरीत उतरून गाळ काढणाऱ्या माणसाला काय दिसले असेल? उंचावरून उडी टाकताना पोटात कसा गोळा येतो, हे त्याला ठाऊक असते. खऱ्या अंगमेहनतीला तो दाद देतो. शिकलेली मंडळी या चित्रपटांना हलके समजत, नाके मुरडत. पण स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांनी त्यांना जगवले.

आणि पलीकडे बसलेल्या बायकांचे काय? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागे, असा तो काळ. त्या काळात पडद्यावर एक बाई कोणी सोडवायला येण्याची वाट पाहत नव्हती. तीच दुसऱ्यांना सोडवत होती. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार होता. घरी परतल्यावर जाते तेच, चूल तीच. तरी मनात काहीतरी हलले असणारच. पोरींना अशी गोष्ट आजही हवी असते.

१९४२ साली वाडिया मूव्हीटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले, तर होमींनी 'बसंत पिक्चर्स' काढून नादियाला घेऊन आणखी साहसपट केले. १९६१ साली दोघांनी लग्न केले. नादिया १९९६ मध्ये वारली. तिच्यावरचा माहितीपट त्याआधी तीन वर्षे, १९९३ मध्ये, तिच्या घरातल्याच रियाद वाडिया यांनी केला होता.

त्या काळची फिल्म मोठी नाजूक. लवकर पेट घेई, दमट हवेत कुजून जाई. आपल्याकडचे कितीतरी जुने बोलपट असेच नाहीसे झाले. म्हणून आजी-आजोबांच्या आठवणींना मोल आहे. पाहिलेला सिनेमा कोणता, तंबू कुठे लागे, तिकीट किती पडे, हे त्यांच्याकडून ऐका आणि वहीत टिपून ठेवा. नादियाच्या चित्रपटातला एखादा तुकडा मोबाइलवर सापडला, तर त्यांना जवळ बसवून दाखवा. नातीलाही बोलवायला विसरू नका.