वाट पाहण्याचे दिवस

शालान्त परीक्षा आटोपून निकालाकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थी दर उन्हाळ्यात भेटीस येतात. बाहेर नागपूरचे ऊन, हाताला काम नाही आणि मनात एकच प्रश्न. "सर, हे दिवस नुसते फुकट चालले," असे त्यांतील एकाने मागे म्हटले. त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. परमेश्वराच्या हिशेबी असे फुकट जाणारे दिवस असतात काय, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

'वाट पाहणे' हा आपल्या भाषेतील प्रयोगच मोठा अर्थपूर्ण आहे. स्वस्थ बसून राहणे म्हणजे वाट पाहणे नव्हे. जो यावयाचा त्याच्या वाटेकडे दृष्टी लागलेली असावी लागते. जुन्या कराराच्या इब्री भाषेत वाट पाहण्याच्या क्रियापदापासून 'तिक्वा' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ आशा. परंतु राहाबेने आपल्या खिडकीस बांधलेल्या किरमिजी दोरीलाही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द योजिला आहे. दोरी ताणलेली असते ती दोन टोके धरलेली असतात म्हणून. एक टोक आपल्या हाती असते. दुसरे कोणाच्या हाती आहे ह्यावर विश्वास ठेवणे, हीच वाट पाहणाऱ्याची साधना होय.

ह्याचे उदाहरण आम्हां नागपूरकरांस दूर शोधावयास नको. कविवर्य नारायण वामन टिळक काही काळ नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास होते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने संस्कृत काव्याविषयी आस्थेने गोष्टी केल्या, बायबलाची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. तरी निश्चय होण्यास दिवस लागले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या पुढे जी प्रतीक्षा सुरू झाली ती अधिक कठीण होती, आणि ती लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली. पतीने हे पाऊल टाकले ते त्यांना विश्वासात न घेता. ह्यात टिळकांचा दोष नव्हता असे मला म्हणवत नाही. लहानग्या दत्तूस घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणाऱ्या देवाच्या त्या नगरीत ह्या बाईने आपल्या संसाराची वाट पाहावी, ह्या योगायोगाकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. त्या वर्षांत त्यांचे शरीर खंगले. परंतु त्याच दुःखात त्यांची पद्यरचनाही सुरू झाली.

टिळकही वाट पाहत होते. 1866 च्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे पती वा पत्नी सोडून राहिल्यास एतद्देशीय ख्रिस्ती मनुष्यास न्यायालयातून विवाह रद्द करून घेता येत असे. प्रतीक्षा संपविण्याची ती सरकारमान्य वाट होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाची येथे आठवण होते. त्याने मुलामागे माणसे धाडून त्याला बांधून आणविले नाही. तरी मुलगा अद्याप दूर असतानाच तो त्याच्या दृष्टीस पडला. ज्याची वाट पाहावयाची त्याला त्याचे स्वातंत्र्य ठेवावयाचे, आणि दार मात्र लोटून घ्यावयाचे नाही, असे ह्या प्रतीक्षेचे स्वरूप आहे. स्वतः परमेश्वर आपली अशीच वाट पाहत असतो, ही ख्रिस्ती शिकवण पुष्कळ वेळा आपल्या ध्यानात राहत नाही.

लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे परत आल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. त्यांची चूल निराळी राहिली. टिळकांनी घाई केली नाही. मनुष्यामनुष्यांतील भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना हळूहळू स्वतःसच उमगले, आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य यरुशलेमेत दहा दिवस वाट पाहत राहिले. त्या दिवसांत त्यांनी प्रार्थना केली आणि यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियास निवडून घेतले, एवढेच प्रेषितांची कृत्ये सांगतात. मोठे काम यावयाचे होते. तोवर समोरचे लहान काम त्यांनी उरकून टाकले. माझ्या त्या विद्यार्थ्यास मी हेच सांगितले, आणि शाळेच्या ग्रंथालयातील फाटकी पुस्तके शिवावयास बसविले. निकालापर्यंत तो रोज येत होता.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले, ते अपुरे ठेवून 1919 साली ते निवर्तले. ज्या बाईस त्यांनी घरीच अक्षरओळख करून दिली होती, तिने त्यातील बहुतेक अध्याय लिहिले. लक्ष्मीबाई 1936 साली वारल्या. ग्रंथ 1938 साली छापून निघाला. तो हाती घ्यावयास दोघांपैकी कोणीही उरले नव्हते.